आभाळांतील कोठार

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं पुतणीच्या मुलीचें लग्न झालें. लग्नाआधीं घाणा भरतांना ओव्या म्हणण्याची चाल आमच्याकडे आहे. परंतु त्या सगळ्या ओव्या पाठ असलेलें माणूस आतां घरांत राहिलें नाहीं. आमच्या मातोश्रींस त्या येत होत्या. त्यांच्या अखेरच्या वर्षांत आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं मोठ्या हौसेनें तीस-पस्तीस ओव्या त्यांच्याच आवाजांत मोबाइलवर उतरून घेतल्या, आणि "आतां ह्या कधींच हरवावयाच्या नाहींत, क्लाउडवर चढविल्या आहेत," असें सर्वांस सांगितलें. आम्ही निश्चिंत झालों. मातोश्री गेल्या, पुढें बंधूही गेले. लग्न उभें राहिलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंचा आवाज मंडपांत लावूं या." मग शोध सुरू झाला.

शोधाचा शेवट असा झाला. ज्या कंपनीकडे त्या ओव्या ठेवल्या होत्या तिनें फुकट सांठवणीची आपली सोय बंद केली होती. बंद करण्यापूर्वीं तिनें सूचनाही धाडल्या होत्या. पण त्या ज्या पत्त्यावर गेल्या तो पत्ता आमच्या दिवंगत बंधूंचा. गेलेल्या माणसाचें टपाल उघडून पाहण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, आणि आलें असतें तरी पासवर्ड कोणास ठाऊक नव्हता. शेवटीं नागपूरच्या धाकट्या पुतणीच्या जुन्या मोबाइलमध्यें एक ओवी सांपडली, तीही अर्धीच. तेवढीच मंडपांत वाजली. वहिनी पदर डोळ्यांस लावून आंत गेल्या.

हा प्रसंग येथें सांगण्याचा हेतु कोणास दोष देण्याचा नाहीं. दोष असलाच तर आमचा. कारण आपली वस्तु आपण कोठें ठेवली, कोणाच्या हवालीं केली आणि कोणत्या कराराने केली, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. त्या दिवसापासून मात्र हें आभाळांतील कोठार आहे तरी काय, आणि जगांतील बड्या बड्या कंपन्या हीं कोठारें बांधण्यासाठीं इतक्या ईर्ष्येनें कां धांवत आहेत, हें समजून घेण्याचा आम्हीं उद्योग आरंभिला. घरांतील तरुण मंडळी ह्याच धंद्यांत आहेत. त्यांना विचारून आणि स्वतः वाचून जें कळलें, तें आमच्यासारख्या गृहस्थांस उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें मांडीत आहों.

ढग नव्हे, इमारत

प्रथम नांवाविषयीं. कालिदासाच्या यक्षानें आपला निरोप मेघाच्या स्वाधीन केला, आणि तो रामगिरि म्हणजे आपलें नागपुराजवळचें रामटेक असें परंपरा मानते. आपल्या केंद्र सरकारनेंही आपल्या क्लाउड-योजनेस 'मेघराज' असें नांव दिलें आहे. परंतु पाश्चात्य तंत्रज्ञांच्या 'क्लाउड' शब्दांत काव्य नाहीं. दूरध्वनीचें किंवा संगणकांचें जाळें कागदावर काढतांना ज्या भागाचा अंतर्भाग दाखविण्याचें कारण नसे, त्या जागीं ढगाची आकृति काढून मोकळें होण्याची इंजिनियरांची रीत होती. "येथें कांहीं तरी आहे, त्याची विवंचना तुम्हीं करावयाची नाहीं," एवढाच त्या ढगाचा अर्थ. आमच्या बंधूंनींही नेमका तोच अर्थ घेतला होता!

प्रत्यक्षांत तो ढग नसून एक इमारत असते. तीस डेटा सेंटर म्हणतात. आंत ग्रंथालयांतील कपाटांप्रमाणें लोखंडी मांडण्यांच्या रांगा, आणि पुस्तकांच्या जागीं हजारों संगणक रात्रंदिवस चालू. ते तापतात, म्हणून त्यांना थंड करणारी यंत्रणा, वीज जाऊं नये म्हणून बॅटऱ्या व डिझेलचीं जनित्रें, दाराशीं पहारा. अशा इमारती एकमेकींपासून कांहीं अंतरावर बांधून त्यांचा एक समूह करतात, म्हणजे एकीस आग लागली तरी दुसरीनें काम चालवावें. इ. स. २००६ मध्यें गूगल कंपनीनें अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत 'द डॅल्स' ह्या गांवीं कोलंबिया नदीच्या कांठीं असें एक केंद्र सुरू केलें; कारण तेथें धरणावरची वीज स्वस्त. आपल्याकडे नवी मुंबईंत ऐरोली-महापेच्या बाजूस अशा इमारती पुष्कळ उभ्या आहेत. समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या ज्या तारांवरून परदेशांशीं आपलें दळणवळण चालतें, त्यांपैकीं अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागतात, हें त्याचें एक कारण. तेव्हां वाचकहो, आपल्या नातवाचा बारशाचा फोटो आभाळांत नसतो. तो कोठें तरी एका बंद खोलींत, लोखंडी मांडणीवर, दुसऱ्याच्या यंत्रांत असतो.

आड आणि नळ

ह्या धंद्याचें मर्म कळण्यास आपल्या जुन्या वाड्यांकडे पाहावें. पूर्वीं प्रत्येक वाड्याचा आड स्वतंत्र असे. तो खणण्याचा खर्च, गाळ काढण्याचा व्याप, रहाट मोडला तर दुरुस्ती, सारें मालकाकडे. पुढें नगरपालिकेचा नळ आला. आड खणावा लागेना. तोटी फिरविली कीं पाणी, आणि वापरावें तितकी पट्टी. विजेचीही तीच कथा. मुंबईच्या गिरण्यांतून एके काळीं प्रत्येकीचें वाफेचें यंत्र निराळें होतें. इ. स. १९१५ मध्यें टाटांच्या खोपोलीच्या विद्युत्‌गृहांतून लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईस येऊं लागली, आणि गिरणीवाल्यांस स्वतःच्या बाष्पयंत्राचा संसार टाकून वीज विकत घेणें परवडूं लागलें.

संगणकाचें बळही एक दिवस असेंच नळानें मिळेल, हा विचार नवा नाहीं. इ. स. १९६१ मध्यें अमेरिकेंतील एम्‌. आय्‌. टी. ह्या विद्यापीठाच्या शतसांवत्सरिक उत्सवांत जॉन मॅकार्थी ह्या पंडितानें असें भाकीत केलें होतें कीं, दूरध्वनीप्रमाणें संगणनही पुढें सार्वजनिक सोय होऊं शकेल. त्या काळीं एकेक संगणक खोलीभर असे आणि अनेक माणसें पाळीपाळीनें त्याचा वेळ वांटून घेत. पुढें यंत्रें लहान व स्वस्त होऊन प्रत्येक कचेरींत, मग प्रत्येक घरांत पोंचलीं. म्हणजे घरोघर आड झाले. मॅकार्थीच्या भाकितास खरें होण्यासाठीं आणखी पंचेचाळीस वर्षें थांबावें लागलें. कारण नळ टाकण्यास जाड नळी पाहिजे, आणि ती नळी म्हणजे वेगवान इंटरनेट.

पुस्तकवाल्यानें नळ टाकला

नवल असें कीं हा नळ प्रथम टाकला तो संगणक करणाऱ्या कोणा नामांकित कंपनीनें नव्हे, तर एका पुस्तकें विकणाऱ्या दुकानानें. जेफ बेझोस ह्यांनीं इ. स. १९९४ मध्यें अमेरिकेंतील सिएटलच्या परिसरांत ॲमेझॉनची स्थापना केली, आणि पुढील वर्षीं इंटरनेटवर पुस्तकांची विक्री सुरू झाली. दुकान वाढलें तसतसे नवे नवे विभाग निघाले. पण प्रत्येक विभागाचे इंजिनियर आपलें खरें काम सुरू करण्यापूर्वीं माहिती सांठविण्याची व यंत्रें चालविण्याची तीच ती व्यवस्था पुन्हां पुन्हां बांधण्यांत महिनेच्या महिने घालवीत, असें चालकांच्या ध्यानांत आलें. प्रत्येक सुनेनें आपली निराळी चूल व निराळें जातें मांडावें तसाच हा प्रकार! तेव्हां ही व्यवस्था सर्वांस सामायिक करावी, आणि ती इतकी नेटकी करावी कीं परक्यासही विकत देतां यावी, असें ठरलें. सणासुदीच्या गर्दीसाठीं घेतलेलीं यंत्रें एरवीं रिकामीं राहत म्हणून तीं भाड्यानें दिलीं, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण ती खुद्द त्या कंपनीच्या प्रमुख तंत्रज्ञांनींच नाकारली आहे.

इ. स. २००६ च्या मार्च महिन्यांत ॲमेझॉननें सांठवणीची सेवा खुली केली. एक गिगाबाइट माहिती महिनाभर ठेवण्यास पंधरा सेंट असा भाव. त्याच वर्षीं ऑगस्टांत यंत्रेंही भाड्यानें मिळूं लागलीं. एका तासास दहा सेंट. ह्या आकड्यांचें महत्त्व व्यापाऱ्यास चटकन् कळेल. त्यापूर्वीं नवा उद्योग काढणाऱ्या तरुणास आधीं भारी किंमतीचीं यंत्रें विकत घ्यावीं लागत. गिऱ्हाईक येवो न येवो, भांडवल अडकलेंच. आतां एक तास यंत्र वापरा, एक तासाचे पैसे द्या. गिऱ्हाईक वाढलें तर शंभर यंत्रें घ्या, ओसरलें तर परत करा.

मोठ्यांसही ही सोय पटली. नेटफ्लिक्स ही कंपनी त्या वेळीं टपालानें चित्रपटांच्या तबकड्या धाडीत असे. इ. स. २००८ च्या ऑगस्टांत तिच्या स्वतःच्या यंत्रांतील माहितीचा सांठा बिघडून तीन दिवस तबकड्या धाडतां आल्या नाहींत. तेव्हांपासून तिनें आपला कारभार ॲमेझॉनच्या यंत्रांवर नेण्यास आरंभ केला, आणि तें स्थलांतर इ. स. २०१६ च्या जानेवारींत पुरें झालें. व्यवसायांत प्रतिस्पर्धी असलेल्या कंपनीच्या घरांत आपला संसार थाटणें ही गोष्ट व्यापाराच्या जुन्या रीतींत बसणारी नव्हे; पण हिशेबानें ती बसविली.

मागून आलेले

आतां इतर कंपन्यांची कथा. सॅन फ्रान्सिस्कोची सेल्सफोर्स ही कंपनी इ. स. १९९९ मध्यें निघाली, ती मुळांतच कार्यक्रमांची तबकडी न विकतां इंटरनेटवरून त्यांचा वापर भाड्यानें देण्यासाठीं. परंतु मायक्रोसॉफ्टचें वैभव उभें होतें तें कार्यक्रमांच्या प्रती विकण्यावर. प्रत्येक संगणकामागें एक प्रत. भाड्याची पद्धति आली तर आपलाच जुना धंदा आपणच मोडल्यासारखें होणार, हा पेंच तिच्यापुढें होता. तरी इ. स. २००८ मध्यें तिनें 'अझूर' नांवाची सेवा जाहीर केली व २०१० मध्यें ती व्यापारास खुली झाली. त्या विभागाची धुरा वाहिलेले, मूळचे हैदराबादचे सत्य नडेला इ. स. २०१४ मध्यें संपूर्ण कंपनीचे प्रमुख झाले, आणि कंपनीचें तोंड पुरतेंच ह्या दिशेस वळलें. गूगलनें २००८ मध्यें आपली पहिली सेवा काढली. २०१९ पासून तिच्या क्लाउड विभागाचे प्रमुख केरळांत जन्मलेले थॉमस कुरियन आहेत. चीनच्या अलीबाबानें २००९ मध्यें आपला निराळा विभाग थाटला.

ओरॅकलचे लॅरी एलिसन ह्यांनीं इ. स. २००८ मध्यें ह्या साऱ्या प्रकाराची भर सभेंत टिंगल केली होती. स्त्रियांच्या पोषाखाच्या धंद्यापेक्षांही आमच्या धंद्यांत फॅशनचें वेड अधिक, अशा आशयाचें ते बोलले. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच ओरॅकलनें कोठारें बांधण्यास घेतलीं, आणि आज तीही ह्या शर्यतींत अग्रेसर कंपन्यांच्या मागोमाग धांवत आहे. आय्‌. बी. एम्‌. नें इ. स. २०१३ मध्यें सॉफ्टलेयर ही कंपनी विकत घेतली, आणि २०१९ मध्यें रेड हॅट ही कंपनी सुमारें चौतीस अब्ज डॉलरांस घेतली. तें साल त्या धुरंधर कंपनीस घाईचें वाटत असावें, असें ह्या किंमतीवरून दिसतें.

सगळ्यांसच हें साधलें असें नाहीं. एच्‌. पी. ह्या प्रख्यात यंत्रकर्त्या कंपनीनें आपली सार्वजनिक क्लाउड सेवा जानेवारी २०१६ च्या अखेरीस बंद केली. दूरध्वनीच्या धंद्यांतील व्हेरायझननेंही त्याच वर्षीं हात आखडता घेतला. कारण ह्या धंद्यांत प्रथम अवाढव्य भांडवल ओतावें लागतें, आणि ज्याचीं कोठारें मोठीं त्याचा दर यंत्रामागें कमी पडतो. लहानानें मोठ्याशीं भावांत टिकावें कसें? परिणाम असा कीं ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल ह्या तिघींच्या हातीं आज जगांतील ह्या व्यापाराचा साठ टक्क्यांहून अधिक भाग आहे. इ. स. २०२४ च्या हिशेबांत ॲमेझॉनच्या एकंदर विक्रीपैकीं ह्या विभागाची विक्री सुमारें सहावा हिस्सा होती. पण कंपनीच्या चालू नफ्यांतील निम्म्याहून अधिक नफा ह्याच विभागाचा. पुस्तकाच्या दुकानाचें मागील दार पुढील दारापेक्षां मोठें झालें! त्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. तिला लागणारें यंत्रबळ इतकें प्रचंड कीं सामान्य उद्योगास तें स्वतः उभें करणें अशक्य. सबब कोठारवाल्यांच्या दारीं नवी रांग लागली आहे.

आपल्या देशांत हीं कोठारें केव्हां आलीं? मायक्रोसॉफ्टनें इ. स. २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें, ॲमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस, आणि गूगलनें २०१७ मध्यें मुंबईसच आपापलीं केंद्रें सुरू केलीं. ॲमेझॉनचें दुसरें २०२२ मध्यें हैदराबादेस झालें. अंतर कमी तितका उत्तरास विलंब कमी, हें एक कारण. दुसरें कारण कायद्याचें. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें असा आदेश काढला कीं, पैसे चुकते करण्याच्या व्यवहारांची सर्व माहिती ह्याच देशांत सांठविली पाहिजे. घरचें धान्य परमुलखांतील कोठारांत असेल तर तंट्याच्या वेळीं फिर्याद कोठें लावावी, हा प्रश्न राजसत्तेसही सुटत नाहीं. तो आपल्यासारख्यांस कोठून सुटणार?

लाभ खरे आहेत

ह्या सोयीचे लाभ नाकारणें अन्यायाचें होईल. इ. स. २०२० च्या महामारींत शाळा घरोघर भरल्या, कचेऱ्या घरून चालल्या, त्या ह्या कोठारांच्या बळावर. एका रात्रींत लाखों नवीं माणसें आलीं तरी नळ आटला नाहीं. प्रत्येक शाळेस आपापला आड खणावा लागता तर तें शक्यच नव्हतें. केंद्र सरकारच्या २०१५ च्या डिजिलॉकर योजनेमुळें दाखले व गुणपत्रिका मोबाइलवरून दाखवितां येतात. आम्हीं छत्तीस वर्षें शिक्षकी केली. दाखला हरवला म्हणून रडवेलीं होऊन परगांवाहून येणारीं किती मुलें पाहिलीं त्याची गणती नाहीं. त्या दृष्टीनें ही सोय पुण्यप्रद आहे, असेंच आम्ही म्हणूं.

नळ आटला तर

परंतु नळ आटतोही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानें नेहमींच्या कामांत एक आज्ञा चुकीची टाइप केली. थोडीं यंत्रें बंद व्हावयाचीं तेथें पुष्कळ झालीं, आणि सुमारें चार तास अमेरिकेंतील असंख्य संकेतस्थळें लंगडीं पडलीं. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याच कंपनीच्या व्हर्जिनियांतील केंद्रांत यंत्रांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेंत बिघाड होऊन जगभरचे अनेक व्यवहार कित्येक तास खोळंबले. हे बिघाड तात्पुरते. माहिती शाबूत राहिली. पण १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओ. व्ही. एच्‌. कंपनीची पांच मजली इमारत आगींत जळाली, तेव्हां अनेकांची माहिती कायमची गेली. कित्येकांनीं दुसरी प्रत घेतली होती, पण तीही त्याच आवारांत होती!

इ. स. २०१३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील निरव्हॅनिक्स ही सांठवणीची कंपनी बुडाली. तिनें गिऱ्हाइकांस सामान हलविण्यास पंधरवड्याची मुदत दिली व पुढें ती थोडी वाढविली. ज्यांची माहिती डोंगराएवढी, त्यांनीं ती पंधरा दिवसांत न्यावी कोठें? आणि मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर गृहस्थानें गांठीस बांधून ठेवावी अशी आहे. युनिसुपर हा तेथील निवृत्तिवेतनाचा मोठा निधि. सहा लाखांवर सभासद. गूगलच्या क्लाउडवर त्याची व्यवस्था होती, आणि दोन निरनिराळ्या ठिकाणीं तिच्या प्रती होत्या. पण मांडणी करतांना झालेल्या एका चुकीनें सबंध खातेंच पुसलें गेलें आणि दोन्ही ठिकाणच्या प्रती एकदम गेल्या. निधि वांचला तो एवढ्यामुळें कीं त्याच्या चालकांनीं आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांची आयुष्याची शिदोरी त्या एका दूरदृष्टीवर तरली.

बुडणें किंवा जळणें सोडा, अटीही बदलतात. गूगल फोटोजनें इ. स. २०१५ मध्यें छायाचित्रें अमर्याद व फुकट ठेवण्याची सोय दिली. जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांस ती राहिली नाहीं, पंधरा गिगाबाइटची मर्यादा पडली. ह्यांत फसवणूक नाहीं, आगाऊ सूचना होती. पण सहा वर्षांत सवय लागलेल्या घरास मग पैसे भरणेंच सोपें वाटतें. मोठ्या व्यापाऱ्यांची गोष्ट अशीच. कोठारांत माल नेण्यास दर नाहीं, बाहेर काढण्यास दर, अशी रीत पुष्कळ वर्षें होती. कायमचें सोडून जाणाऱ्यांपुरता तो दर ह्या तिन्ही कंपन्यांनीं इ. स. २०२४ च्या आरंभीं उठविला. ड्रॉपबॉक्ससारख्या एखाद्या कंपनीनें भाड्याचें घर सोडून स्वतःचीं यंत्रें उभारलीं व दोन वर्षांत सुमारें साडेसात कोटी डॉलर वांचविले. पण तेवढें बळ थोड्यांस.

आणि शेवटीं वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानें इ. स. २०२४ मध्यें जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१,५०० कोटी युनिट वीज खाल्ली. म्हणजे सबंध जगाच्या विजेपैकीं सुमारें दीड टक्का. कोणी न पाहणारीं हजारों छायाचित्रें आपण तेथें ठेवतों, त्यांचेंही दिवाबत्तीचें देणें कोणी तरी देत असतें.

आड बुजवूं नये

पुण्याच्या जुन्या मंडळींस १२ जुलै १९६१ चा दिवस विसरतां येत नाहीं. पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें, आणि ज्या धरणावर शहराचा नळ होता तेंच गेलें. पूर ओसरल्यावर पिण्यास पाणी नाहीं! तेव्हां वाड्यावाड्यांतील टाकून दिलेले आड लोकांनीं उपसले आणि त्यांवर दिवस काढले. हें आम्हीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकलें आहे. त्यांच्या सांगण्याचा शेवट एकच असे: ज्यांनीं आड बुजवून वर फरशी घातली होती, ते दुसऱ्याच्या दारीं कळशी घेऊन उभे राहिले.

आमचा उपदेश नळ तोडण्याचा नाहीं, आड न बुजविण्याचा आहे. घरांतील मोलाचे कागद, छायाचित्रें व आवाज ह्यांची एक प्रत क्लाउडवर असूं द्यावी. दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर असावी. तिसरी परगांवीं लेकीकडे किंवा भावाकडे असावी. अगदीं निवडक छायाचित्रें कागदावर छापून घ्यावीं. त्यांस पासवर्ड लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत जसा धान्याच्या कोठीचा कारभार एका सुनेकडे असे, तसा ह्या कोठीचा कारभार एका जाणत्या मुलाकडे किंवा सुनेकडे सोंपवावा. कोणतें खातें कोणाच्या नांवें, कोठें, त्यास कसें शिरावें, हें एका कागदावर लिहून लखोट्यांत घालून मृत्युपत्राशेजारीं ठेवावें. खंडेनवमीस आपण शस्त्रांची व उपकरणांची पूजा करतों. त्या दिवशीं ह्या प्रती उघडतात कीं नाहीं तें पाहण्याचा नेम ठेवल्यास वर्षांतून एकदां तरी तपासणी होईल.

खातेदाराच्या मृत्यूनंतरची तजवीजही करतां येते, हें पुष्कळांस माहीत नसतें. आपण दीर्घकाळ न आल्यास खात्यांतील माहिती कोणाच्या हातीं द्यावी, हें आधींच नेमून ठेवण्याची सोय गूगलनें इ. स. २०१३ मध्यें केली; ॲपलनेंही २०२१ मध्यें वारस नेमण्याची सोय दिली. आणि डिसेंबर २०२३ पासून गूगलच्या नियमानें दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें पुसलें जाऊं शकतें. घरांतील वडील माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंतचे विधि आपण काटेकोर करतों. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचें हें कोठारही उघडून पाहणें, हा आतां उत्तरकार्याचाच भाग समजावा.

संस्कृत शिकलेल्या माणसास ह्यांत नवीन असें कांहीं वाटूं नये. आपल्या पूर्वजांनीं वेद एका कोठारांत ठेवले नव्हते. ते अनेक मुखांत ठेवले. आणि एकाची चूक दुसऱ्यास धरतां यावी म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे तेच शब्द उलटसुलट म्हणण्याचे प्रकार बांधून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति इ. स. १९६६ मध्यें पुरी केली, ती देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेलीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून. त्यांत एकच प्रत असती आणि तिला वाळवी लागली असती, तर सुखठणकरांसारख्या पंडितांचीही मति तेथें कुंठित झाली असती. सारांश, जें अनेक ठिकाणीं आहे तें टिकतें.

आमच्या मातोश्रींची ती अर्धी ओवी आतां पांच घरांत आहे. उरलेला अर्धा चरण वहिनींना आठवतो असें त्या म्हणतात. पण दोन शब्दांविषयीं त्यांची खात्री नाहीं. ज्या मुलीचें लग्न झालें ती गौरी-गणपतीस माहेरीं आली तेव्हां वहिनींजवळ बसून ती ओवी पाठ करून गेली. ते दोन शब्द तिनें मोकळेच ठेवले आहेत. इत्यलम्.